पुढच्या गाडीतल्या बाईस

४ फेब्रुवारी

भिंगरी,

वर 'प्रिय' लिहावं की 'चि.' लिहावं यात दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी हात धुऊन तिच्या मागे लागले होते. फोन केला नाही, कारण माझा नंबर बघून तू उचलणार नाहीस. आणि उचललास तर मी काय बोलेन याचा मलाच भरवसा नाही. पत्रात निदान खोडता तरी येतं.

तर हे पत्र कामाचं आहे. मला चलान मिळालंय.

हस आता. पोटभर हसून घे आणि मग पुढे वाच. सिग्नल तोडला म्हणून नाही, वेगात होते म्हणूनही नाही. चलानावर लिहिलंय, 'पुढील वाहनापासून सुरक्षित अंतर न राखणे.' साध्या भाषेत सांगायचं तर पुढच्या गाडीला चिकटून चालवणे. निम्म्या शहराला अंतर ठेवायला मी शिकवलं. पुढची गाडी खांबाजवळून गेली की 'मला काही घाई नाही' असं दोनदा म्हणायचं, सावकाश, आणि म्हणून होईपर्यंत आपण त्या खांबाशी पोचता कामा नये. चांगली मोठी माणसं, बँकेचे मॅनेजर, दाताचे डॉक्टर, माझ्या शेजारी बसून शाळेतल्या पोरांसारखी हे मोठ्याने म्हणायची. आणि चलान मला.

हवालदार अगदी कोवळा होता, मिसरूड नुकतीच फुटलेली. गाडीच्या टपावर माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, त्या पाटीखाली मी खिडकीतून हात बाहेर काढून चलान घेतेय, आणि शेजारी थांबलेल्या बसमधली माणसं वाकून बघतायत. तो म्हणाला, "आजी, एवढं चिकटून चालवायचं नसतं." आजी म्हणाला त्याचा राग नाही. आहेच मी आजी, कागदोपत्री का होईना. शहाणपण शिकवायला लागला त्याचा राग आला.

आता कामाचं सांगते. माझा शिकवण्याचा परवाना मार्चअखेर संपतो. नव्या नियमाप्रमाणे शिकवणाऱ्याच्या नावावर असा गुन्हा सिद्ध झाला तर परवाना पुढे वाढवून मिळत नाही. दंडाचं मला काही नाही, भरून टाकीन. पण परवाना गेला तर सकाळी उठून मी काय करू ते मला कळत नाही. बाबा गेल्यापासून मला घराबाहेर काढते ती ही गाडीच. नाहीतर दुपारपर्यंत मी गाऊनमध्येच बसून राहिले असते.

चलानाच्या मागे दोन चौकोन असतात. पहिल्यात खूण केली की गुन्हा कबूल, पैसे भरा, घरी जा. दुसऱ्यात केली की 'आरोप मान्य नाही'. मग सुनावणी लागते, आपल्याला पुरावे मागता येतात, आणि हवालदाराला समोर येऊन सांगावं लागतं, तो कुठे उभा होता, त्याने नेमकं काय बघितलं. बहुतेक लोकांना तो दुसरा चौकोन दिसतच नाही, पैसे भरून मोकळे होतात. मी दुसऱ्यात खूण केली. इतकी दाबून केली की पेन आरपार गेलं.

तुला का कळवते? एक तर मावशीकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. दुसरं म्हणजे, स्वतःच्या आईची नजर तपासा म्हणून परिवहन कार्यालयात अर्ज करणारी मुलगी मला एकच माहीत आहे. चार वर्षं झाली, मी ते विसरलेली नाही. आईने गाडी सोडावी असंच तुझं म्हणणं होतं ना? मग कदाचित बातमी ऐकून तुला बरं वाटेल.

आई

ता. क. तुझी गाडी राखाडी आहे का? सहज विचारलं.


१३ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी तरी कुठे मागितलं होतं, गाडीचा रंग तेवढा विचारला होता.

तो आता मीच सांगते. राखाडी. मागच्या काचेच्या कोपऱ्यात बदकाचं चित्र चिकटवलंय, अर्धं कुणीतरी नखाने खरवडून काढलंय. मागच्या पत्रात मी हे लिहिलं नाही. लिहायचं होतं, पण रागाच्या भरात बाकीचंच इतकं लिहून झालं की जागा उरली नाही. हे खरं नाही. जागा होती.

त्या दिवशी मी पेट्रोल भरून कालव्याच्या रस्त्याने परत येत होते. शिकायला येणाऱ्या बाईंना ताप होता, धडा रद्द झाला होता, म्हणून गाडीत एकटीच. पुढे एक राखाडी गाडी होती. मला काय तिचं? अंतर व्यवस्थित होतं. 'मला काही घाई नाही' दोनदा म्हणून झालं तरी खांब यायचा होता. मग त्या गाडीचे मागचे लाल दिवे लुकलुकले. एकदा, मग पुन्हा एकदा. आणि मग ब्रेक लागला.

असं आधी दोनदा पायाने टिचकी मारून मग ब्रेक लावणारी माणसं माझ्याच हाताखालून गेलेली असतात. मागच्याला आधी कळवायचं, मग हळू व्हायचं. दुसऱ्या कुठल्या स्कूलमध्ये हे शिकवत नाहीत, त्यांना वाटतं हा म्हातारीचा चाळा आहे. रस्त्यात असे लुकलुकणारे दिवे दिसले की मी मनात म्हणते, हा आपला. पण सगळे दुसरी टिचकी पहिलीच्या पाठोपाठ मारतात, उरकून टाकल्यासारखी. पहिली आणि दुसरीच्या मध्ये थबकणारी फक्त एकच निघाली. आठवतंय? शिकताना मी ओरडले होते, "दोन टिचक्यांच्या मध्ये चहा पिऊन येतेस का?" आणि तू गाडी रस्त्याच्या कडेला लावून, दार आपटून, चालत घरी गेली होतीस. बाबा दिवसभर हसत होते.

तर तशी टिचकी होती. मग मी नीट बघितलं आणि तुझी मान दिसली. केस कापलेस. बरे दिसतात, मागून तरी.

आणि मग मागच्या सीटवरून एक हात वर आला. हातात बूट. स्वतःच्या पायातला काढलेला असावा, कारण तुझी लेक तो वर-खाली, वर-खाली नाचवत होती आणि तू आरशाकडे बघून काहीतरी बोलत होतीस. बहुतेक 'घाल तो पायात' असंच. एवढासा बूट, लाल.

टिचकी दिसली की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. मी नाही उचलला. पाय होता तिथेच राहिला आणि मी त्या बुटाकडे बघत बसले. बघते तर तुझी गाडी पुढ्यात आलेली, मध्ये एक सायकल आडवी मावली नसती. मग मी ब्रेक दाबला, आणि तेवढ्यात शिट्टी वाजली.

तू निघून गेलीस. तुला कळलंही नसेल मागे कोण होतं. मागे शिट्टी वाजली म्हणून कुणी वळून बघत नाही, पुढचा रस्ता बघायचा असतो. मीच शिकवलंय.

ती डावखुरी आहे का गं? बूट डाव्या हातात होता. बाबा डावखुरे होते म्हणून विचारलं. आणि तिला घरात काय हाक मारता? मावशी तिचं शाळेतलं नाव सांगते, पण ते मला हाक मारायला जमत नाही, लांबलचक आहे. मी मनात तिला बूटवाली म्हणते. राग मानू नकोस.

आई


२४ फेब्रुवारी

भिंगरी,

वकील केला. माझाच विद्यार्थी. तीनदा परीक्षेत नापास झालेला, आणि चौथ्यांदा पास झाल्याच्या आनंदात परीक्षकालाच कडकडून मिठी मारणारा. आता चांगला ऑफिसबिफिस थाटून बसलाय. मला बघून खुर्चीतून उठला आणि आधी म्हणाला, "बाई, मी अजून आरसा बघतो हं दर वेळी." मी म्हटलं, बघ, पण आज माझ्याकडे बघ.

त्याने पुरावे मागवले. अर्ज केला की द्यावेच लागतात म्हणे, नाकारता येत नाहीत. हवालदाराची टिपणं आली आणि कालव्याच्या पुलावरच्या कॅमेऱ्याचा फोटो आला. या आरोपात भांडायला जागा असते, असं त्याचं म्हणणं. कॅमेरा लांबून, रस्त्याच्या नाकासमोर बघत असतो. अशा लांबून काढलेल्या फोटोत दोन गाड्या असतात त्यापेक्षा जवळ दिसतात. आणि हवालदार समोरून बघत असेल तर त्याला मधलं अंतर धड दिसणारच नाही, ते बाजूने बघावं लागतं. शिवाय अंतर किती होतं ते त्याने मोजलेलं नाही, त्याच्या डोळ्यांना वाटलं तेवढंच. डोळ्यांना वाटलं हे शब्द ऐकून मला हसूच आलं. माझ्या डोळ्यांवर तेवढे अर्ज होतात, हवालदाराच्या डोळ्यांवर कुणी करत नाही.

फोटो मी बराच वेळ धरून बसले होते. तुझी गाडी, माझी गाडी. तुझ्या मागच्या काचेत तो बूट, लाल ठिपक्याएवढा. मी म्हटलं, "याची एक प्रत मला दे." तो म्हणाला, "बाई, हा तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे." म्हटलं, "असू दे, जरा मोठी करून दे." दिली बिचाऱ्याने, काही न विचारता. ओट्यासमोरच्या भिंतीला लावलीय.

मग तो मुद्द्यावर आला. फोटोवर पेन टेकवून म्हणाला, "आपलं हुकमी पान हे. रस्ता मोकळा आहे. पुढे सिग्नल नाही, माणूस नाही, कुत्रं नाही. मग या बाईने ब्रेक लावलाच का? विनाकारण मध्येच हळू केली, म्हणून तुमचं अंतर कमी झालं. आरोप उलटा तिच्यावर जातो आणि तुम्ही सुटता."

"म्हणजे तिला चलान?"

"मिळेलही. आपल्याला काय करायचंय?"

"ती माझी मुलगी आहे."

त्याने पेन खाली ठेवलं. मला वाटलं ओशाळेल, पण वकील तो वकीलच. म्हणाला, "मग तर उत्तमच. साक्षीलाच बोलावू. घरचं माणूस, सांभाळून बोलेल." मी म्हटलं, "आमच्यात बोलणं नाही." "कधीपासून?" "तू पास झालास त्याच्या आधीपासून." यावर त्याने चहा मागवला.

तर हे पत्र यासाठी. त्याने तुला साक्षीची नोटीस पाठवलीय. मी नको म्हणून सांगून निघाले, तरी त्याच्या कारकुनाने पाठवून टाकली. ती फाडून टाक. सरकारी कागद नाही तो, फाडला म्हणून कुणी दारात येणार नाही. तुझ्यावर ढकलून मला सुटायचं नाही, आणि तू मला सोडवायला यावंस असंही नाही. परवाना माझा, पाय माझा. आपलं भांडण घरातलं आहे, त्यात परिवहन कार्यालयाला मी ओढणार नाही. हे कुणाला टोमणा म्हणून लिहिलेलं नाही. थोडं आहे.

एक मात्र मला सुटत नाही. तू खरंच का हळू केलीस? बुटासाठी? मागे बघून रागवायचं असेल तर गाडी बाजूला घ्यायची असते. चालत्या गाडीत मुलांशी भांडायचं नसतं, किती वेळा सांगितलंय.

आई


२ मार्च

भिंगरी,

तुझं कार्ड आलं. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला एकच ओळ. 'सुनावणी कधी आहे?' वर नाव नाही, खाली सही नाही. पण 'ण'ची ती लांबवलेली शेपटी बघून मला दारातच बसावं लागलं, जिन्यात. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, बरं वाटत नाही का. म्हटलं, उत्तम वाटतंय, जरा बसलेय.

नऊ तारखेला, सकाळी अकराला. परिवहन कार्यालयाचा दुसरा मजला, लिफ्टच्या डाव्या हाताला.

पण येऊ नकोस. तुला रजा काढावी लागेल, मुलीला कुणाकडे तरी ठेवावं लागेल, असं काय काय मी लिहिलं होतं. ते सगळं खोडलं. मला भीती वाटते, हे खरं कारण आहे. तू उभी राहून सांगितलंस की हो, ती गाडी अगदी अंगावर आली होती, मला आणि माझ्या मुलीला धोका होता, तर ते खोटं नसेल. परवाना जाईल तो जाईल. पण ते तुझ्या तोंडून, परक्या माणसांसमोर, पुन्हा एकदा ऐकायचं नाही मला. कागदावर एकदा वाचलंय मी. 'अर्जदार: मुलगी.' त्या दोन शब्दांपुढचं काही वाचताच आलं नव्हतं.

मोतीबिंदू त्या अर्जामुळेच वेळेत निघाला, असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टरांना काय जातंय बोलायला. बाकी दोन्ही डोळ्यांनी आता लांबचं स्वच्छ दिसतं, बदकसुद्धा. ही माहिती म्हणून देते.

आलीसच तर जे बघितलंस तेच सांग. माझ्यासाठी एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस. तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणी नाक लाल व्हायचं. सुनावणी घेणाऱ्या मॅडमसमोर नाक लाल झालं तर आपली दोघींची शोभा होईल.

स्वेटर घालून ये. त्या मजल्यावर गार असतं.

आई


९ मार्च

माझ्या भिंगरी,

तू तिथे होतीस, तरी सगळं लिहिते. तू मागच्या बाकावर होतीस आणि मी पुढे उभी, तेव्हा तुला फक्त माझी पाठ दिसली. पाठीवरून माणसाचं काही कळत नाही.

मी साडेदहालाच जाऊन बसले होते. खोली एवढीशी, कोपऱ्यात पाण्याची बाटली उलटी लावलेली, तिच्यातून मध्येच बुडबुडा यायचा आणि सगळे तिकडे बघायचे. सुनावणीच्या मॅडमना सर्दी. समोर रुमाल, एक फाइल, आणि चेहऱ्यावर असं की आज सकाळपासून सगळ्यांनी मला खोटंच सांगितलंय. माझ्या आधी एक टेम्पोवाला होता, तो म्हणत होता गाडी आपोआप सुटली. मी दाराकडे बघत होते. माझं नाव पुकारलं तोपर्यंत तू आली नव्हतीस. मनात म्हटलं, बरं झालं. ते म्हणून झाल्यावर इतकं वाईट वाटलं की खुर्चीतून उठायला जड गेलं.

हवालदाराने नीट सांगितलं, मुलगा प्रामाणिक आहे. वकिलाने विचारलं कुठे उभा होतास, तर म्हणाला पुलाच्या कठड्याशी, तिरका. बाजूने दिसतं तसं दिसत होतं का? नाही, तसं नाही. मोजलं का? नाही. पण पुढच्या गाडीचे दिवे दोनदा लुकलुकले, ते त्याने बघितलं. "पुढची बाई घाबरून पाय मागे-पुढे करत असणार," म्हणाला. वकील माझ्याकडे बघून हसला, कारण हे सगळं आमच्या बाजूचं चाललं होतं. न मोजलेलं अंतर, तिरका हवालदार, लांबचा कॅमेरा. मी गप्प बसले असते तर सुटले असते.

मग मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचंय? अंतर कमी होतं का?"

वकिलाने माझ्या पायावर पाय ठेवला. मी म्हटलं, "हो, कमी होतं. तो मुलगा बरोबर सांगतोय. फक्त पुढची बाई घाबरली नव्हती. ती मागच्याला इशारा देत होती, तिला तसंच शिकवलेलं आहे. इशारा दिसूनही मी पाय उचलला नाही." वकिलाने डोळे मिटून घेतले. त्याला नंतर मी चहा पाजला, पण त्याने धड घेतला नाही.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे गुन्हा कबूल?" माझ्या तोंडात 'हो' आलंच होतं, आणि मागून तुझा आवाज आला.

"मॅडम, पुढची गाडी माझी."

कधी आलीस गं? मी वळले नाही. वळले असते तर तिथेच बसकण मारली असती. मी टेबलाची कड धरून मॅडमच्या रुमालाकडे बघत राहिले.

त्यांनी तुला विचारलं, ब्रेक का लावला. रस्ता मोकळा होता, फोटोत दिसतंय. वकील तुला वाट करून द्यायला म्हणाला, मुलीने बूट काढला म्हणून का? आणि तू म्हणालीस, नाही, ती रोजच काढते. मग त्या बाटलीतून दोनदा बुडबुडा आला. मी मनात म्हटलं, आता सांगेल. अंगावर आली होती म्हणून सांगेल.

"आरशात मागची पाटी दिसली," तू म्हणालीस. "आईच्या स्कूलची. पण आत आईच आहे की दुसरं कुणी, ते कळत नव्हतं. चेहरा नीट दिसत नव्हता. गाडी जवळ यावी म्हणून मी हळू केली."

मॅडमनी विचारलं, "मग दिसला का चेहरा?"

"दिसला."

"मग थांबला का नाहीत?"

"थांबून काय बोलायचं ते सुचलं नाही," तू म्हणालीस, आणि तुझा आवाज फाटला. तू शाळेत असताना धडपडून यायचीस आणि 'लागलं नाही' म्हणून सांगायचीस, तेव्हाचा आवाज.

मी इतके दिवस काय समजत होते, सांगू? मला वाटत होतं, मी तुझ्यामागे आले. चोरून, न विचारता, तुझ्या आयुष्यात काचेतून डोकावणाऱ्या परक्या बाईसारखी आले आणि त्याबद्दल मला चलान मिळालं. बरोबरच मिळालं, असंही वाटायला लागलं होतं. आणि तू पुढे बसून वाट बघत होतीस. तेवढ्याच रस्त्यावर, तेवढाच वेळ.

मॅडमनी नाक पुसलं. सर्दीचंच असेल. मग त्यांनी फाइलवर लिहिलं आणि वाचून दाखवलं, पुढील वाहनाने जाणूनबुजून वेग कमी केल्याने अंतर घटले, मागील चालकावरील आरोप रद्द, दोन्ही चालकांना ताकीद. आणि फाइल मिटून, आपल्या दोघींकडे आळीपाळीने बघून म्हणाल्या, "तुम्हाला दोघींना घरं आहेत ना? मग तिथे भेटा. रस्ता लोकांना जायला असतो." टेम्पोवाला अजून कोपऱ्यातच होता, तो हसला. मीही हसले, पण माझं तोंड वाकडं झालं असणार.

म्हणजे परवाना राहिला. आज वकिलाने नूतनीकरणाचा अर्ज भरला, सोमवारी त्या तापातून उठलेल्या बाईंचा धडा आहे. हे तुला सांगायचं राहून गेलं, कारण बाहेर आल्यावर आपण काय बोललो? तू विचारलंस, डोळ्यांत थेंब घालतेस का वेळेवर. मी विचारलं, तू स्वेटर का नाही घातलास. तिला शाळेतून आणायची वेळ झाली होती, तू जिन्याशी गेलीस, पुन्हा मागे आलीस, माझ्या खांद्यावरचा पदर उगाच सरळ केलास आणि म्हणालीस, "रविवारी घरी ये. तू गाडी काढू नकोस, मी न्यायला येते." एरवी कुणी मला गाडी काढू नकोस म्हटलं असतं तर मी त्याला सरळ केलं असतं. मी 'बरं' म्हटलं. मग तू गेलीस आणि मी त्या मजल्यावर, लोकांच्या येण्याजाण्यात, भिंतीला टेकून रडले. मला तू हवी आहेस, भिंगरी. चारही वर्षं हवी होतीस, रोज. हे जिन्यात बोलायचं होतं, स्वेटरचं बोलून बसले.

तर रविवारी मी खाली फाटकाशी उभी राहीन. तू कशीही चालव, मी तोंडातून अक्षर काढणार नाही. वळणावर हात नाही करणार, आरसा बघ म्हणून सांगणार नाही. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखाली एक जादा ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाशी. इतकी वर्षं त्या सीटवर बसून माझ्या पायाला तशी सवय झालीय. तुझ्या गाडीत तो नाही हे मला कळतं, पायाला कळत नाही, तो खाली दाबला जाणारच. तू ते बघशील आणि तुला वाटेल, आईचा अजून माझ्यावर विश्वास नाही. तसं नाही गं. घाबरून दाबलेला नसेल तो. तुझं घर लवकर येऊ नये म्हणून दाबलेला असेल.

तुझी,
आई